महाराष्ट्र दिनाच्या जोडसुट्टीत लातूरहून वेरूळला जायचे आहे. वादळी पाऊस गाठेल का?

गाठण्याची शक्यता धरूनच निघावे, मात्र तेवढ्यासाठी सहल रद्द करू नये. लेणी सकाळीच पाहावीत (मंगळवारी ती बंद असतात) आणि दुपारी तीननंतर उघड्यावर राहू नये. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातील जमीन दुपारपर्यंत प्रचंड तापते आणि अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले की तापलेली हवा वेगाने वर चढून गडगडाटी ढग तयार होतात, म्हणून वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतरच सोसाट्याचा वारा, विजा आणि कधी गारा घेऊन येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी भारतीय हवामान विभागाच्या मुंबई केंद्राचा लातूर, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांसाठीचा इशारा पाहावा. ऑरेंज अलर्ट असल्यास दुपारचा प्रवास टाळावा. हा इशारा जिल्ह्यापुरता असतो, गावापुरता नव्हे, त्यामुळे वाटेत पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप तपासत राहावे. विजा कडाडू लागल्यास झाडाखाली मुळीच थांबू नये. पक्क्या इमारतीत किंवा काचा लावून गाडीतच बसावे.