वस्तीतली मुलं आठवी-नववीत शाळा सोडतात. संध्याकाळी खेळ सुरू केला तर ती शाळेत टिकतील का?

तुम्ही चार मित्र वस्तीतल्या पोरांसाठी रोज संध्याकाळी फुटबॉल सुरू करणार आहात, आणि 'शाळेत गेला नाही तर खेळायला मिळणार नाही' असा नियम ठेवावा का, असं विचारलंय. मी धाराशिव जिल्ह्यात माध्यमिक शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आमच्याकडे झोपडपट्टी नाही, ऊसतोड आहे; पण पोरं गळतात ती याच वयात. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत साथ देतो. नववीत पोरगं आलं नाही तर विचारणारं कुणी उरत नाही.

नियम जरूर ठेवा. फक्त त्याचा उपयोग पोराला हाकलण्यासाठी करू नका, त्याच्या घरी जाण्यासाठी करा.

मुंबईत कफ परेडजवळच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ साली ऑस्कर फाउंडेशन सुरू केलं ते याच नियमावर: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. राठोड त्याच वस्तीत वाढले. बरोबरीची पोरं शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागताना त्यांनी पाहिली होती. तिथे हा नियम पोरांनी मानला याचं कारण मला असं वाटतं, की नियम घालणारा माणूस त्यांच्याच गल्लीतला होता. कुणाच्या घरात काय चाललंय ते त्याला न सांगता कळत होतं. तुम्ही वस्तीतलेच असाल तर तुमचं अर्धं काम झालंय. बाहेरून येणार असाल तर वस्तीतल्या एखाद्या मोठ्या पोराला किंवा ताईला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

जे पोर सलग तीन दिवस शाळेत गेलं नाही, त्याच्याच घरी काहीतरी अडलेलं असतं. आई आजारी असते, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, नाहीतर बापाने कुठेतरी कामाला लावलेलं असतं. अशा पोराला मैदानही बंद केलं तर त्याची शेवटची दोरी आपणच कापतो. संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहा आणि 'का आला नाहीस' हे रागावून नव्हे, खरंच विचारा.

आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळे आईबापांना जावंच लागतं. घरी आजी-आजोबा नसले की मुलंही बरोबर जातात, आणि थोरली मुलगी तर हमखास, कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, लहानग्यांना बघायला. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची शासनाची योजना आहे, पण राहायची मुलाचीच इच्छा नसेल तर तिचा उपयोग काय? आणि नेमक्या याच दिवसांत शाळांची मैदानं ओस पडतात. तालुका-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा बहुतेक दिवाळीच्या आत उरकतात, आणि संघ हरला की सराव थांबतो. म्हणून आम्ही शेजारच्या गावांच्या शाळांशी आमचे सामने मुद्दाम डिसेंबर-जानेवारीत ठेवतो. मुलगी आईला सांगते, सामना आहे, मी मावशीकडे राहते. सगळ्या राहतात असं नाही. पण ज्या राहतात त्या मार्चच्या परीक्षेला वर्गात असतात. तुमच्या वस्तीत पोरं कोणत्या महिन्यांत गळतात ते आधी शोधा, आणि खेळाचा जोर त्या महिन्यांत ठेवा.

आमचा खेळ खो-खो. दोन खांब आणि रेषा आखायची फक्की, एवढाच खर्च. पाठलागाला आठ जणी बसलेल्या आणि नववी पळणारी. त्यातली एक आली नाही तर ती रिकामी जागा सगळ्यांना दिसते. तिला बोलवायला मैत्रिणीच जातात, मला जावं लागत नाही. याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, हे आमच्या प्रत्येक मुलीला पाठ आहे.

तरीही पोरांना पुरस्काराचं किंवा नोकरीचं आमिष दाखवू नका. खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण तिथवर मोजके पोहोचतात, आणि बाकीच्यांच्या मनात आपण हरलो एवढंच उरतं. जो चांगला खेळत नाही त्याला रोज खेळायला मिळालं पाहिजे. शाळा सोडण्याच्या काठावर बहुतेक वेळा तोच असतो. याच कारणाने गुणांची अट कधीच घालू नका; हजेरी पुरे.

मुलींना पहिल्या दिवसापासून घ्या, वेगळा वार देऊन नव्हे. अंधार पडायच्या आत खेळ संपवा, जवळ स्वच्छतागृह हवं, आणि आयांना एकदा मैदानावर बोलवा. झारखंडमध्ये रांचीजवळ ओरमांझीला 'युवा' ही संस्था २००९ पासून मुलींना फुटबॉल शिकवते. ज्या गावांत लहान वयात लग्नं लागतात, तिथल्या मुली २०१३ मध्ये स्पेनला खेळून आल्या. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं: २०१५ मध्ये त्या संस्थेने स्वतःची शाळा काढली. मैदान पोराला शाळेच्या दारापर्यंत आणतं. आत बसून काही कळतच नसेल तर ते परत फिरणारच. तुम्हाला शाळा काढायची गरज नाही. खेळानंतर अर्धा तास तिथेच बसवून गणित आणि वाचन घ्या, तेही चौघांपैकी ज्याला शिकवायला खरंच आवडतं त्याने.

चेंडू आणायच्या आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. दर शनिवारी वर्गशिक्षकांकडून हजेरी कळेल एवढीच विनंती करा. आणि चौघांनी आत्ताच वार वाटून घ्या, म्हणजे एखाद्याची नोकरी लागली किंवा परीक्षा आली तरी मैदानावर कुणीतरी असेल.