पुढचा धक्का कधी ते कुणालाच माहीत नाही, मग खरं मानायचं कुणाचं?

प्रश्न : ताई, आम्ही वसमत तालुक्यातले. आमच्याकडं कितीतरी वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात, 10 जुलै 2024 ला सकाळी तर चांगलाच धक्का बसला, 4.5 चा होता. साहेब लोक येतात, घाबरू नका म्हणतात, पण पुढचा कधी ते सांगत नाहीत. व्हॉट्सॲपवर मात्र तारखेसकट मेसेज फिरतो. आज्जी म्हणती पाप वाढलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यावर विश्वास कशाला ठेवायचा? माणसाला खरं कधी कळतं तरी का?
– एक वाचक

उत्तर : दादा, तुमची भीती खरी आहे, पण "काहीच माहीत नाही" हे काही मला पटत नाही. किल्लारीचंच बघा. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले आणि 6.2 चा धक्का आला, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. एवढ्या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी होतात आणि बऱ्याच वेळा कुणाला खरचटतसुद्धा नाही. मग इथंच एवढी माणसं का गेली? ते आपल्याला पक्कं माहीत आहे. दोन-दोन फुटी दगडी भिंती, त्या नुसत्या मातीत रचलेल्या, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नाही, आणि वर लाकडाच्या पाटणावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपेत अंगावर आलं.

आता जे माहीत नव्हतं ते. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग झोन 1 मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, कारण तिथं मोठा भूकंप झाल्याची नोंदच नव्हती. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्के बसले, लोक बाहेर झोपले, मग सगळं शांत झालं. 2002 च्या नकाशात तोच भाग झोन 3 मध्ये गेला. मला यातलं जास्त लागतं ते हे की "धोका नाही" आणि "आम्हाला माहिती नाही" या दोन्ही गोष्टींना त्या नकाशावर एकच रंग होता.

तारखेचं म्हणाल तर चीनमध्ये 4 फेब्रुवारी 1975 ला हायचेंगला मोठा भूकंप झाला, आधी बारीक धक्क्यांची रांग लागली होती म्हणून लोकांना घराबाहेर काढलं आणि हजारो जीव वाचले. सगळ्यांना वाटलं, जमलं! पुढच्याच वर्षी 28 जुलैला त्याच देशात तांगशान झालं, तसे इशारा देणारे धक्के आलेच नाहीत, आणि सरकारी आकड्यानंच दोन लाख चाळीस हजारांच्या वर माणसं गेली. म्हणून आज जो कुणी "सांगता येत नाही" म्हणतो तो खरं बोलतोय, आणि जो तारीख देतोय तो खोटं, मग मेसेज कितीही जणांनी पुढं ढकललेला असू दे.

आज्जीचं वेगळं आहे. "आपल्याच नशिबी का" या प्रश्नाला कुठल्या यंत्रात उत्तर नाही, आणि तो प्रश्न माणसाला पडणारच, त्यांना गप्प करू नका. फक्त पापाचं उत्तर मी मान्य करणार नाही, कारण मग किल्लारीत माळवदाखाली सापडलेली तान्ही लेकरंही पापी ठरतात, आणि तसं आज्जीलाही म्हणवणार नाही, विचारून बघा.

घर दगड-मातीचं असेल तर आधी माळवदावरची जादा माती उतरवा, दर पावसाळ्याआधी नवा थर चढत जातो आणि वजन वाढतं. नवी खोली काढताना दार-खिडकीच्या वरून चारी भिंतींवर सलग आरसीसीचा पट्टा घ्याच, मिस्त्री नको म्हणाला तरी. आणि आवाज आला की तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवा, साहेब लोक परत आले की ती वही त्यांच्यापुढं ठेवा, त्यांच्या यंत्रातल्या नोंदीशी ताडून बघता येईल.