जिप्सीची थरथर: पाचरीची जाड बाजू पुढे!

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला राव. जिप्सी, पुढे दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं, टोक चॅसीला टांगणारी पट्टी), ५५-६० ला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग असं थडथडतं की गाडी जवळपास उभी केल्याशिवाय थांबत नाही, टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचे सांधे) नवे, डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा) नवा, तरी तेच. माझ्या २००४ च्या जिप्सी किंगचं अक्षर न् अक्षर हेच झालेलं. पहिल्यांदा झालं ते वारज्याच्या पुलावर, जॉइंटवरून चाक गेलं आणि पुढचं सगळं हाताबाहेर, शेजारी बायको, मागे ट्रक. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड) कुठे लावायची वगैरे सांगत बसत नाही, टाय रॉड एंड घरी बदललेत म्हणजे ते तुम्हाला येतंय. थेट मुद्द्यावर येतो. तुमचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंग पिनचा मागे झुकलेला कोन, गेलाय. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते दोन इंच लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक दोन इंच खाली येतं, पाट्याची लांबी तीन फुटांच्या आतबाहेर, म्हणजे ऍक्सल साधारण तीन अंश पुढे कलंडला. किंग पिनचं वरचं टोक जे मागे झुकलेलं असतं ते सरळ उभं झालं, आता चाकाला आपणहून सरळ राहायचं काही कारणच उरलं नाही. आणि एवढं करून गाडी उचलली जाते किती, तर एक इंच. खात्री करायचीय तर सोसायटीच्या गेटमधून हळू वळा आणि स्टेअरिंग सैल सोडा. परत सरळ येत नसेल, तुम्हालाच ओढून आणावं लागत असेल, तर हेच.

मी काय केलं? टाय रॉड एंड बदलले. मग ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा). मग डॅम्पर, म्हणजे तापावर क्रोसिन, पंधरा दिवस बरं वाटलं. मग किंग पिनची बेअरिंगं. साडेअकरा हजार गेले आणि चार महिन्यांचे रविवार. या सगळ्या काळात तीनदा अलाइनमेंट केली, एकाच दुकानात. दुकानाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. कॉम्प्युटरवालं मशीन, एसी केबिन, आणि आतला माणूस दर वेळी एकच सांगायचा, "सर ही सॉलिड ऍक्सल, यात फक्त टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) होतो, बाकीचं सोडा." बाकीचं सोडा! शीटवर कॅस्टरच्या चौकटीत ०.४ आणि ०.६ अंश असं लालमध्ये छापलेलं, डावं-उजवं दोन्ही. तो कागद मी घडी करून डॅशबोर्डच्या खणात टाकला, पीयूसीच्या खाली. रोग कागदावर लिहून मिळालेला आणि मी चार महिने तो गाडीतच घेऊन हिंडत होतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, या गाडीत कॅस्टरला ऍडजस्टमेंटचा बोल्ट नसतो. पण बोल्ट नाही म्हणजे इलाज नाही असं थोडीच? आणि पैसे मात्र तिन्ही वेळा पूर्ण घेतले. असो.

आता खरी चूक, जिच्यासाठी हे एवढं टाइप करतोय. कॅस्टर परत आणायला पाटा आणि ऍक्सलच्या मध्ये पाचर घालतात, ते कळल्यावर मी लगेच दोन अंशाच्या पाचरी आणल्या आणि मित्राच्या गाडीत पाहिलं होतं तशा, जाड बाजू मागे, ठोकून दिल्या. त्याच्या गाडीत पाटे ऍक्सलच्या वर होते. जिप्सीत उलटं, ऍक्सल पाट्याच्या वर बसतो! म्हणजे होता तो कॅस्टरही मी घालवला. त्या दिवशी चाळीसला थरथर सुरू झाली, आणि मला वाटलं चॅसीच वाकली. शेवटी गाडी सपाट जागेत लावून मोबाइलमधलं लेव्हलचं ऍप नकलवरच्या (चाकासोबत वळणाऱ्या ऍक्सलच्या टोकावरच्या) सपाट भागावर ठेवलं, पाचर घालण्याआधीच्या फोटोशी ताडून पाहिलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तर लक्षात ठेवा, कंपनीसारखी जिप्सी असेल तर जाड बाजू पुढे, बंपरकडे. पाटे ऍक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे.

पाचरी लोखंडी घ्या, लेथवाल्याकडून करून घेतल्या तरी चालतील, ऍल्युमिनियमच्या चिरडतात. सेंटर बोल्टचं (पाट्याच्या मधोमधच्या बोल्टचं) डोकं ऍक्सलवरच्या भोकात नीट बसतंय का पाहा, पाचरीची जाडी मध्ये आली की ते वरवर टेकतं आणि ऍक्सल सरकतो, लांब बोल्ट घालावा लागतो. पाटा ऍक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका, नवे घ्या, तिरके तिरके आवळा आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर परत पाना लावा. आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर टेकवूनच शेवटचे आवळायचे, लटकत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि वर्षभरात फाटतो. हेही मी केलंय.

पण माझं मत विचाराल तर, आणि हे माझं वैयक्तिक मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे, लांब शॅकल काढून फेकून द्या. उंची हवीच असेल तर पाटेवाल्याकडून जास्त कमानीचे पाटे करून घ्या. पाचरीने कॅस्टर येतो पण पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं, फोर व्हील टाकून पळवलं की प्रोपेलर शाफ्ट गुणगुणतो. मी शेवटी कंपनीचं शॅकल परत लावलं, आज ११० ला (एकदाच, मोकळ्या रस्त्यावर) स्टेअरिंग गप्प.

मी मेकॅनिक नाही, आयटीवाला आहे, तेव्हा हे सगळं आपापल्या जबाबदारीवर. किंग पिन ढिली असेल तरी अशीच थरथर येते, चाक उचलून वर-खाली हलवून बघा, प्ले असेल तर वरच्या टोपीखालचा एखादा शिम (पातळ चकती) कमी करावा लागेल. आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गाडीतल्या बदलांवरून नियम कडक झालेत, नोंदणीचं पंधरा वर्षांचं रिन्युअल जवळ असेल तर कंपनीचे जुने पाटे-शॅकल भंगारात घालू नका.

तुमची अलाइनमेंटची शीट खणात असेलच, बघा. कॅस्टरचे दोन्ही आकडे इथे टाका आणि शॅकल भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून सांगा, मग दोन अंश की तीन ते बोलू.