दहादा लिहून घेणं थांबवा

ताई, मुलगा दहा वर्षांचा, सौम्य बौद्धिक अक्षमता, प्रत्येक शब्द वहीत दहादा लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी, असं तुम्ही लिहिलंय. दहादा लिहिताना तो वरचं बघून एकेक अक्षर खाली उतरवतो. आठवावं काहीच लागत नाही, मग राहील कसं?

शब्द दाखवा, बोट ठेवून वाचून घ्या आणि झाका. आता त्याने आठवून लिहायचं, उघडून स्वतःच ताडून बघायचं. अडला तर तीन-चार सेकंद थांबून सांगून टाका. अंदाजाने लिहायला लावू नका, या मुलांत चुकीचं रूपही पक्कं बसतं. नवे शब्द एका वेळी दोन-तीनच, बाकी येणारे. येणारा शब्दही आठवड्याने, महिन्याने परत विचारा. ‘हे येतं त्याला’ म्हणून सोडलेले शब्दच आधी जातात. सुरुवात स्वतःच्या आणि घरच्यांच्या नावांपासून करा, पाठ्यपुस्तकातल्या यादीपासून नको.

पेन्सिल धरायलाच कष्ट पडत असतील तर अक्षरांच्या पट्ट्या जुळवू द्या. वळणाचा सराव वेगळ्या वेळी.

आता आपल्या लिपीतली खरी अडचण. ‘दिवस’ म्हणताना आधी ‘द’ ऐकू येतो, इकार नंतर. कागदावर मात्र पहिली वेलांटी डावीकडे. मूल ‘द’ लिहून मोकळं होतं, वेलांटीला जागाच उरत नाही. म्हणून ‘द’ आणि वेलांटी वेगळी देऊ नका, ‘दि’ ही एकच पट्टी करा. बाराखडी ओळीने पाठ असणारी मुलंही मधलाच ‘दि’ विचारला की गडबडतात, तेव्हा पट्ट्या क्रम मोडूनच वापरा. रफार आणि जोडाक्षरं खूप नंतर. पण नावात जोडाक्षर असेल तर ते आख्खं एक चित्र म्हणून खुशाल शिकवा.

ऱ्हस्व-दीर्घावरून मात्र छळू नका. बोलताना तो फरक मोठ्यांच्याही कानाला नीट कळत नाही. शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर दीर्घ, एवढंच पुरे: पाणी, मुलगी, तू. अपवाद म्हणून ‘आणि’ तेवढा शिकवा. (‘दीवस’ लिहिलं तरी वाचता येतं, मी गुण कापत नाही.)

आणि कानांची तपासणी झालीय का? डाऊन सिंड्रोम असेल तर ती करायलाच हवी, त्या मुलांत कमी ऐकू येणं बरंच आढळतं. ‘ट’ आणि ‘ठ’ कानालाच सारखे लागत असतील तर वहीत वेगळे उतरणार नाहीत.