पोर्क, तर्री आणि डोक्यातला किडा

प्रश्न : एका विनोदी पाककृतीच्या कार्यक्रमात आचारी हेल्मेट घालून पोर्क शिजवतो, म्हणे, किडा डोक्यात जातो! आमचा सावजी मसाल्यात पोर्क करायचा बेत आहे. भीती खरी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हेल्मेट काढा, हात धुवा. अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून फीतकृमी होतो, तो आतड्यात. मेंदूत गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती येतात कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून : न धुतलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर), दूषित पाणी, अस्वच्छ हात. म्हणजे शाकाहारीही सुटत नाहीत!

मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर घेऊच नका. तुकडे आतून ६३ अंश सेल्सिअसला पोचले की ३ मिनिटं थांबा; खिम्याला ७१ अंश हवेत. फसगत होते ती तर्रीमुळे. तेल सुटलं म्हणजे मसाला झाला, मांस शिजलंच असं नाही. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत थर्मामीटर खुपसा, टोक हाडाला लागू देऊ नका, आकडा चुकतो. रंगावर तर जाऊच नका. सावजी रश्श्यात गुलाबी कोण ओळखणार? कच्च्या मांसाची सुरी सांबाराला लावू नका.