वापरलेल्या आम्लाचं काही उपयोगी करता येतं का?

तुमचा प्रश्न असा की कारखान्यातलं वाया गेलेलं आम्ल चुन्याने मारून टाकण्याऐवजी त्यातून काही बनवता येतं का. येतं. पण आम्ल कुठलं यापेक्षा त्यात विरघळलंय काय, हे आधी बघा. सगळं त्यावर ठरतं.

मी काही वर्षं पिकलिंगच्या, म्हणजे धातू आम्लात बुडवून साफ करण्याच्या, प्रयोगशाळेत काढली. पोलादाच्या पत्र्यावरची काळी पापडी काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ताजं आम्ल पाण्यासारखं दिसतं, थकलं की गडद हिरवं होतं. तो हिरवा रंग लोखंडाचा, म्हणजे फेरस क्लोराइडचा. हे द्रावण ५०० अंशांच्या पुढे तापलेल्या भट्टीत फवारलं की क्लोराइड फुटतं. वायू पाण्यात शोषून साधारण १८ टक्क्यांचं आम्ल परत मिळतं आणि खाली लाल आयर्न ऑक्साइडची भुकटी उरते. ती फेराइट चुंबकांना आणि रंगद्रव्यांना चालते. भट्टी परवडत नसेल, तर त्याच द्रावणात क्लोरीन सोडून फेरिक क्लोराइड करतात. सांडपाण्यातला गाळ खाली बसवायला ते लागतंच.

गंधकाम्लाने पिकलिंग केलं असेल तर काम आणखी सोपं. द्रावण थंड केलं की हिराकस (फेरस सल्फेट) खड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि आम्ल पुन्हा टाकीत जातं.

चुन्याचं म्हणाल, तर १ टन शुद्ध गंधकाम्ल मारलं की पावणेदोन टन जिप्सम होतं, शिवाय गाळात राहिलेला ओलावा वेगळा. स्वच्छ असेल तर सिमेंटवाले घेतात. धातूंनी बरबटलेलं असेल तर तो नुसता घातक गाळ, आणि तो ठेवायचा खर्च तुमचा.

आमच्याकडे एकदा रात्रपाळीत कुणीतरी गॅल्वनाइज्ड मालावरचा जस्ताचा थर उतरवलेलं आम्ल याच हिरव्या टाकीत ओतलं. कारण काय, तर दुसरी टाकी भरली होती! जस्त भट्टीत चिकटतं आणि ऑक्साइडही बिघडवतं. पूर्ण टाकी शेवटी चुन्यातच गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, पाइप आणि टाक्या वेगळ्या ठेवा, यंत्राचं नंतर बघू. (सल्फाइड किंवा ब्लीचचं पाणी तर चुकूनही आम्लात जाऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.)

रंग-रसायनांच्या कारखान्यातलं गंधकाम्ल सुपर फॉस्फेट खतासाठी मागायला लोक येतील. रॉक फॉस्फेटवर, म्हणजे ज्यापासून हे खत करतात त्या फॉस्फेटच्या खडकावर, ते आम्ल चालतं, हे खरं. पण त्यातली सेंद्रिय घाण आणि जड धातू खतातून थेट शेतात उतरतात. असं आम्ल सुमारे १००० अंशांना जाळून सल्फर डायऑक्साइड करायचा आणि त्यापासून नवं आम्ल बनवायचं, हा रस्ता महाग आहे, पण घाण जळून जाते. तपासणीचा अहवाल न मागता टँकर भरून न्यायला तयार असलेल्या खतवाल्याला मी तरी एक थेंबही देणार नाही.