खोली सजवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आत्याने घर बदललं तेव्हा तिचा पलंग, दोन दारांचं कपाट आणि ड्रॉवरचं टेबल आम्हाला दिलं. तिन्हींचा रंग जवळजवळ काळा वाटावा असा तपकिरी. कडांवर तो घासून गेलाय, मुठींपाशी टवके उडालेत. मला हे रूप मनापासून आवडतं. नवरा म्हणतो, सरळ तासून नवं पॉलिश करून घेऊ. बेडरूम बारा बाय अकराची, खिडकी एकच. खोली उजळ दिसावी म्हणून भिंती पांढऱ्या शुभ्र करून घेतल्या, तर फर्निचर आणखीच काळं दिसायला लागलं. आता काय करू?

उत्तर : पॉलिश करू नका. नवऱ्याने वाद घातला तर माझं नाव सांगा.

गडबड तुमच्या फर्निचरमध्ये नाही, पांढऱ्या शुभ्र भिंतीत आहे. डोळा कुठलाही रंग एकटा बघत नाही, शेजारच्या रंगाशी ताडून बघतो. भिंत किती प्रकाश परत फेकते हे ० ते १०० या मापात मोजतात. शुभ्र पांढरा ८५च्या वर जातो, तुमचं कपाट १०च्या आतबाहेर असणार. एवढी दरी पडली की कपाटाचा तपकिरीपणा दिसेनासा होतो आणि उरतो तो नुसता काळा ठोकळा. भिंत ६० ते ७०च्या आसपास आणा. रंगाच्या कंपनीच्या शेड कार्डावर हा आकडा (एलआरव्ही) बरेचदा छापलेला असतो, नसला तर दुकानात विचारा.

रंग कोणता, याचं उत्तर तुमच्या कपाटावरच आहे. दिवसाउजेडी एखाद्या घासलेल्या कडेपाशी बसा आणि आतून उघडं पडलेलं लाकूड नीट बघा. ते पिवळसर असेल तर भिंतीला गव्हाळ किंवा मोतिया. लालसर असेल तर राखाडीकडे झुकणारा शेवाळी. रंगचक्रात हिरवा आणि लाल एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे, त्यामुळे लाकडातली लाली जागी होते. लिंबोणी आणि फिका गुलाबी, हे दोन्ही नकोत. माझा त्यांच्यावर राग आहे असं समजा. फिनिश मात्र मॅटच घ्या.

नमुना थेट भिंतीवर फासू नका, भोवतीचा पांढरा रंग पुन्हा डोळ्याला फसवेल. मोठ्या पुठ्ठ्यावर कडेपर्यंत दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या (ओला रंग वाळल्यावर बहुतेक वेळा थोडा गडद होतो), मग पुठ्ठा कपाटामागे उभा करून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा.

दिव्यांवरून आठवलं. खोलीत ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असेल तर आधी ती बदला. त्या निळसर उजेडात तपकिरी लाकूड राखेसारखं दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे बल्ब घ्या आणि खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलंय ना, ते वाचा. गडद लाकूड उजेड पिऊन टाकतं, म्हणून दिव्याचा झोत फर्निचरवर नको, भिंतीवर पडू द्या. छताच्या एका दिव्यापेक्षा पलंगाच्या दोन बाजूंना दोन छोटे दिवे बरे.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. टवके उडालेलं फर्निचर हौसेने ठेवलंय की नाइलाजाने, हे त्याच्या शेजारच्या सामानावरून ठरतं. लोक असं कपाट आणतात आणि त्याला शोभावं म्हणून गंजकी फोटोफ्रेम, विटकी उशी, मुद्दाम फाटक्या काठांचा गालिचाही आणतात. मग सगळी खोलीच अडगळीची दिसते. जुनेपणा त्या तीन वस्तूंपुरताच ठेवा. चादर ताणून घातलेली, एकरंगी, जाड सुती. पडदे सरळ शिवलेले, जमिनीला टेकणारे. दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा चार-सहा इंच वर लावा. गालिचा एकच, पण पलंगाच्या दोन्ही बाजूंना दीडेक फूट बाहेर येईल एवढा, आणि जमीन गडद असेल तर तिच्याहून फिका.

एक काम मात्र कराच. जुना पायमोजा हातावर चढवून सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे अडकेल तिथे कूस वर आलेली आहे, उद्या चादर तिथेच फाटेल. कच्चं लाकूड असेल तर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने तेवढीच जागा हलक्या हाताने घासा आणि रंगहीन मेण लावा. लाकडावर जुना ऑइल पेंट असेल तर कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. आधी तपासून घ्या.

प्रश्न : जुन्या काळ्या कपाटाच्या पायाशी पिठासारखी भुकटी पडते. पुसून मेण लावलं तर चालेल?

उत्तर : नाही. ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भुकटी असावी. टाचणीच्या डोक्याएवढी, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं शोधा. भुकटी झाडा, खाली काळा कागद पसरा आणि काही आठवडे बघत राहा. पुन्हा पडली तर कीड बहुधा जिवंत आहे. तोवर कपाट इतर लाकडी सामानापासून लांब ठेवा. औषध उघड्या लाकडात मुरतं, पॉलिश किंवा मेणाच्या थराखाली पोचत नाही. म्हणून आधी औषध, मेण त्यानंतर.

प्रश्न : घासटलेल्या पलंगाशेजारी माझं नवंकोरं गडद टेबल विजोड दिसतं. तेही घासून जुनं करू का?

उत्तर : झीज हात आणि पाय लागतात तिथे होते : मूठ, पुढची कड, कोपरे, पायाची खालची बाजू. हौशी माणसं नेमकी फळीच्या मधोमध घासतात आणि लबाडी लांबून कळते. मी असते तर टेबलाला भिंतीचाच रंग दिला असता.